हळदीचा डाग आणि तुझे वाटेकरी

अंजू,

तुझ्या शोकसभेत मी रडलो नाही, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. "दिनेशरावांनी कसं धीरानं घेतलंय बघा," असं आपले सेक्रेटरी सावंत बाहेर चपला शोधताना कुणाला तरी सांगत होते. धीर कसला डोंबलाचा! मी जळत होतो. बायको जाऊन तीन आठवडे झालेत, समोर तिचा हार घातलेला फोटो आहे, आणि नवरा पहिल्या रांगेत बसून हॉलमधल्या एकेका माणसावर जळतोय. दुसऱ्या कुणाचं असं दृश्य तू पाहिलं असतंस तर मला कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "दिन्या, बघ बघ, नमुना!"

तुमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडून दोन पानं मागवली आहेत. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरीत कधी लागलीस, हे सगळं त्यांच्या कपाटात आहेच. माझ्याकडे इतकं नीटनेटकं काही नाही. म्हणून मी सरळ तुलाच लिहितो. छापायचं असेल तर छापतील, नाहीतर जागा नाही म्हणून परत करतील.

सभा आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये होती. घरची माणसं, चार शेजारी आणि तुझ्या शाळेतल्या दोन-तीन बाई येतील अशी माझी समजूत. हॉल भरला, पॅसेज भरला, लोक खाली पार्किंगमध्ये उभे राहिले. मुलुंडमध्ये तुला ओळखणारी एवढी माणसं आहेत हे तू असतानाच कळलं असतं, तर मी तेव्हापासूनच जळायला लागलो असतो. निदान सवय तरी झाली असती.

पहिले उठले सावंत. लॉबीत नवा संगमरवर बसवला तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. लादी आणखी चमकावी म्हणून या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं त्यावर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. तू शाळेतून येत होतीस. पर्स तिथेच टाकून धावलीस. "अहो सावंत, थांबा! संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ, अ‍ॅसिड खाऊन टाकेल त्याला!" तोवर एक लादी फसफसून कोड आल्यासारखी पांढरी पडली होती. सावंत गहिवरून म्हणाले, "बाकी सगळं पॉलिश करून घेतलं, ती एक लादी मात्र तशीच ठेवलीय. तिच्यावरून जाताना रोज बाईंची आठवण येते."

आता मला सांग, ती लादी मी पण रोज ओलांडतो. माझ्या घरच्या वाटेवर आहे ती. तिच्यावर तुझी आठवण काढायचा पहिला मान कोणाचा? सावंतांचा?

मग पहिल्या मजल्यावरच्या जिग्नाबेन. पदर डोळ्यांना लावूनच उठल्या. "माझ्या ढोकळ्यावर लाल लाल डाग आले ना, तर माझी सासू बोलली, नजर लागली. अंजुबेन आली. एक तुकडा खाल्ला, मग दुसरा पण खाल्ला, मग बोलली, 'जिग्नाबेन, नजर नाय, सोडा नीट ढवळला नाय तुम्ही. जिथे सोड्याची गुठळी राहिली, तिथे हळद लाल झाली.' तेव्हापासून माझी सासू कोणाची पण नजर उतरवायच्या आधी अंजुबेनला विचारून यायची."

हॉल हसला. मी पण हसलो, पण माझं मन त्या दुसऱ्या तुकड्यावर अडकलं होतं. त्या संध्याकाळी तू वर येऊन मला "आज हलकंच जेवू या" म्हणत काकडीची कोशिंबीर वाढली असणार, याची मला खात्री आहे.

इथपर्यंतही ठीक होतं. लोकांनी तुझा शेजार घेतला, तुझं शहाणपण घेतलं, घेऊ देत. मला एवढंच हवं होतं की तुझी एक गोष्ट, एकच, अशी असावी जी फक्त माझ्याकडे आहे. आणि अशी एक होती. तिच्या जोरावर मी त्या खुर्चीत ताठ बसलो होतो.

तेवढ्यात प्रज्ञा उठली. तुझी जुनी विद्यार्थिनी, आता तुझ्याच शाळेत विज्ञान शिकवते. माईक हातात घेऊन म्हणाली, "बाईंच्या शर्टाच्या गोष्टीशिवाय ही सभा पूर्ण होणार नाही." आणि मागून वीस-पंचवीस गळे एकदम ओरडले, "येस्स! शर्ट!"

मी खुर्चीतच वळून मागे बघितलं.

तुला ही गोष्ट नव्यानं सांगायला नको, पण स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला तू ती सांगायची विसरली असलीस, तर त्याच्यासाठी सांगतो.

तुला बघायला आम्ही अंधेरीला आलो होतो. आई, मी आणि माझे थोरले काका. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द काकांचा. ते त्यासाठी खास गावाहून आले होते. तू चष्मा लावून बाहेर आलीस, तिथेच काकांचं तोंड आंबलं. लग्नानंतरही शिकवणार म्हणालीस, तेव्हा त्यांनी बशीतले पोहे बाजूला सारले. मी मात्र तुझ्याकडे बघत पोह्यांचा चमचा तोंडात घालायला गेलो आणि तो तोंडाऐवजी खिशापाशी पोचला. पांढऱ्या शुभ्र शर्टावर तेलात माखलेली हळद. तू तेव्हा हसली नाहीस. ओठ चावून छताकडे बघत राहिलीस. मी तिथेच तुझ्या प्रेमात पडलो.

घाटकोपरच्या आमच्या खोलीत परत आल्या आल्या काकांनी निकाल दिला, "ही पोरगी आपल्यात बसायची नाय." आई माझा शर्ट घेऊन मोरीत गेली. दोन मिनिटांनी तो ओलाच हातात धरून बाहेर आली. खिशावरचा पिवळा डाग लालभडक झाला होता. आई काकांपुढे उभी राहून म्हणाली, "भावजी, ह्यां बघा. तिच्या घरच्या हळदीचां आमच्या घरात कुंकू झालां."

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी डागाकडे बघितलं, देवाच्या तसबिरीकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडले. महिनाभरात आपलं लग्न झालं. मी नंतर आईला विचारलं होतं, शर्ट सुकल्यावर लाल रंग गेला कुठे? आई म्हणाली, "देवान सांगूचां तां सांगल्यान. आता थंयच, त्या डागात बसान ऱ्हवात काय?"

लग्नानंतर आठवड्याभरात, आई बाजारात गेलेली असताना, मी तुला हा दैवी प्रकार सांगितला. अगदी आवाज खाली आणून, हात जोडल्यासारखे करून. तू ओट्याला टेकून ऐकत होतीस. ऐकता ऐकता तू खाली बसलीस आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग उठून माझ्याच एका बनियनवर चिमूटभर हळद चोळलीस, ओला साबण फिरवलास. लाल! माझ्या डोळ्यांदेखत माझा शुभशकुन मोरीत उभा राहिला. "साबणात खार असतो रे, दिन्या. खार लागला की हळद लाल होते. आम्लारी म्हणतात. आठवीत काय झोपला होतास?" मग त्याच डागावर लिंबू पिळलंस आणि तो पुन्हा पिवळा झाला.

आणि म्हणालीस, "आईंना मात्र कध्धी सांगू नकोस हं. त्यांची श्रद्धा आहे. त्यांना वाईट वाटेल."

मी शब्द दिला. आणि अंजू, तो मी असा पाळला, की बाकी कुठलीच गोष्ट आयुष्यात इतकी नीट केली नसेल. आई नातेवाइकांना शकुनाची गोष्ट सांगायची तेव्हा मी गंभीर चेहरा करून मान डोलवायचो. तू स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघायचीस. घर भरलेलं असायचं, आणि त्या भरल्या घरात दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट असायची. माझ्यासारख्या माणसाकडे दुसरं होतं काय? गाणं नाही, पगार नाही, केसही लवकर गेले. हे एक गुपित होतं.

ते गुपित तू दर वर्षी वर्गात सांगत होतीस!

दर वर्षी, आम्ल-आम्लारीचा धडा आला की. प्रज्ञा बोलत होती आणि मागून वेगवेगळ्या बॅचेस आपापल्या दुरुस्त्या सुचवत होत्या. कुणाच्या वर्गात तो सफारी होता, कुणाच्या वर्गात निळ्या चौकडीचा. एका वर्गात म्हणे लाल डाग बघून मी बेशुद्ध पडलो होतो. मी बेशुद्ध पडलो नव्हतो, अंजू. मला थोडी चक्कर आली होती, ती उपाशी होतो म्हणून; पोहे पोटात गेलेच कुठे होते? मागच्या रांगेतल्या एका बँकेतल्या साहेबांनी हात वर करून विचारलं, "सर, तो शर्ट अजून आहे का हो?" असं कळलं, की शाळेत मला 'शर्टवाले काका' म्हणतात. इतकी वर्षं तुमच्या स्नेहसंमेलनाला येत होतो, पोरं माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, किती हसरी मुलं आहेत.

आता कळलं, मी का रडलो नाही? रडायला सवड नव्हती गं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, शेजारच्या खुर्चीत आई बसली आहे. पंच्याऐंशीकडे झुकलेली, डाव्या कानानं बहिरी. माईक मात्र उजवीकडे होता.

माझं जळणं तिथल्या तिथे थिजलं. बाकीच्यांनी तुझी वाटणी करून घेतली ती घेतली, पण आईनं हे सगळं ऐकलं असणार. सुनेला जाऊन तीन आठवडे, आणि त्यात देवाचा कौल साबणाचा निघाला! मी तिला हाताला धरून घरी आणलं, पाणी दिलं, गुडघ्यापाशी बसलो.

"आई, ती मुलगी बोलली ते ऐकलंस का तू?"

"कसला? शर्टाचां?"

"मनाला लावून घेऊ नकोस. अंजू आपली मुलांना हसवायला सांगायची. तुझा जो विश्वास होता, तो..."

आईनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मी पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं की ती हसतेय.

"मेल्या," ती म्हणाली, "हळदीच्या डागाक साबू लावलो काय तो तांबडो होता, ह्यां माका ठावक नाय? जन्मभर कोणाची कापडां धुवलंय मी?"

खरंच, हे माझ्या डोक्यात आजवर का आलं नव्हतं? आमटी-भात जेवणाऱ्या घरातल्या कुठल्या बाईनं हळदीचा डाग साबणाखाली लाल होताना बघितला नसेल? नसेल बघितला तो फक्त तिच्या मुलानं, कारण त्यानं कधी कपडा धुतला नव्हता. आणि काकांनी.

"मग काकांना तू..."

"तुझो काका देवमाणूस. पण त्येनां जन्मात कधी आपलो रुमाल धुवल्यान? बसललो मुंडी हलवीत. चष्मेवाली नको, नोकरीवाली नको. माका पोरगी आवडलली. आता त्येच्याबरोबर वाद घालूचो की डागाक साबू लावचो? मी साबू लावलंय."

म्हणजे तू माझ्या घरात आलीस ती देवाच्या मर्जीनं नव्हे आणि माझ्या तर नव्हेच नव्हे. आईनं तुला आणलं, वडीच्या साबणानं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता, पण तेवढ्यात मी पुढचा प्रश्न विचारून बसलो.

"आणि हे अंजूला कधी कळलं?"

"तिका? लग्नाच्या पयल्याच महिन्यात. माझ्या बाजूक येऊन बसली, तांदूळ निवडूक लागली, नि हळूच म्हणाली, 'आई, तुमका ठावक होतां ना?' मी म्हटलंय, होय. मगे दोघी अशा हसलंव, अशा हसलंव, की सूप पालथा झाला. मगे म्हणाली, 'आई, पण ह्यांका सांगू नका. ह्यांका वाटता, आपण तुमच्यापासून मोठां गुपित सांभाळतंव. सांभाळूंदेत बिचारे.'"

सांभाळूंदेत बिचारे!

शाळेला माहीत, आईला माहीत. ती गोष्ट सांगता सांगता आणि तू दारातून, तुम्ही दोघी बघत होतात ते माझ्या गंभीर चेहऱ्याकडे. मी मान डोलवायचो तेव्हा तू माझ्याकडे जे बघायचीस, त्याचा अर्थ मी इतकी वर्षं चुकीचा लावत होतो? की दोन्ही अर्थ खरे होते?

"आणखी काय काय बोलायचात तुम्ही दोघी?" मी विचारलं.

आईनं डोळे पुसले. हसणं कधी संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला कळलं नाही. "सगळां तुका कित्याक?" म्हणाली, म्हणजे मला कशाला हवं सगळं, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्यानंतर चार दिवस मला खराखुरा पित्ताचा त्रास झाला. छातीत जळजळ, घशाशी आंबट. आधी आपल्या डॉक्टरांना दाखवून आलो, घाबरू नकोस. गोळ्या दिल्या, चहा बंद केला, जागरण नको म्हणाले. मी आपला घरी येऊन कोकमाची बाटली काढली, आणि ग्लास हातात घेऊन तुझ्या खुर्चीकडे बघत बसलो.

आपलं ते भांडण अर्धंच राहिलं ना गं? मी तुला विचारलं होतं, पित्त म्हणजे पोटात आंबट वाढलं. आंबट मारायला त्याच्या उलट काहीतरी हवं, हे तूच सांगतेस. उदासिनीकरण, हे मला मुखोद्गत आहे. मग कोकम तर आंबटढाण! ते प्यायल्यावर मला बरं कसं वाटतं? तुझ्या शास्त्रानं मी तडफडायला हवा.

तू जास्वंदीच्या पट्ट्या काढल्यास. खालच्या कुंपणाची सगळी जास्वंद तुझी, देवासाठी फुलं मागणाऱ्या बायकांना तू पडलेली फुलं द्यायचीस आणि चांगली पाकळी न् पाकळी कागदावर चोळून पट्ट्या करायचीस. एक पट्टी माझ्या ग्लासात बुडवलीस. लालबुंद. "आंबट आहे खरं," म्हणालीस. मी म्हटलं, "मग?" तू म्हणालीस, "मग तुला वाटतं बरं. सगळं मनाचं." मी म्हटलं, "माझं मन आम्ल की आम्लारी?" तू दुसरी पट्टी माझ्या कपाळाला लावून बघितलीस. काही रंग बदलला नाही. "पाणी आहे नुसतं," म्हणालीस.

तरी तो प्रश्न तुला खात होता. "वाचून सांगते," म्हणाली होतीस. नंतर कधीतरी म्हणालीस, "अरे, अजून नीट सापडलं नाही." त्यानंतर दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या आणि कोकमाचं राहूनच गेलं. आयुष्यात एकदाच मी तुला विज्ञानात निरुत्तर केलं, आणि तू त्याचं उत्तर न देता निघून गेलीस. जिंकल्यासारखं वाटायला समोर कुणीतरी लागतं गं. मी ग्लास संपवला. बरंही वाटलं. का, ते कोणाला विचारू?

खरं सांगतो, तुझ्यावर रागावून बसणं मला झेपत नाही. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो, तर जागोजागी तू. पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, कळकतं, हे मला तूच शिकवलंस. मुंगी चावली तर काय लावायचं, गांधीलमाशी चावली तर काय. चण्यांत सोडा घालू नकोस, रात्रीच भिजत घालायला शिक. मी कधी ऐकत होतो असं मला आठवत नाही, पण हात बरोबर त्या त्या वेळी थांबतो. म्हणजे मी ऐकत होतो. तुझ्या वर्गात मी पण होतो, फक्त हजेरीपटावर नव्हतो. एवढं मनाशी म्हटल्यावर जरा शांत वाटलं. लगेच विचार आला, की याच गोष्टी तू जिग्नाबेनलाही सांगितल्या असणार. पुन्हा जळजळ.

मागच्या रविवारी सकाळी प्रज्ञा घरी आली. आईच्या पाया पडली, खुर्चीच्या टोकावर बसली.

"काका, यंदा तो धडा मी घेणार आहे. शर्टाची गोष्ट मी सांगितली तर चालेल का? म्हणजे, ती तुमची आहे, म्हणून विचारायला आले."

तुमची आहे! एवढ्या गर्दीत हे म्हणणारी ती पहिली. मी लगेच विरघळलो. म्हटलं, "सांग की. फक्त मी बेशुद्ध पडलो नव्हतो. आणि तो सफारी नव्हता, पांढरा शर्ट होता."

तिनं मान डोलावली. पण ती उठेना. पर्सचा बंद पिळत राहिली.

"काका, एक विचारू? बाई ती गोष्ट नेहमी एकाच जागी थांबवायच्या. लिंबू पिळलं, डाग परत पिवळा झाला, 'मग मी त्याला एक वाक्य म्हणाले...' आणि थांबायच्या. खडू खाली ठेवायच्या, हात झटकायच्या. म्हणायच्या, 'पुढचं अभ्यासक्रमात नाही.' आम्ही किती मागे लागायचो! दहावीच्या निरोप समारंभातसुद्धा विचारलं. शाळेत नोकरीला लागल्यावर स्टाफरूममध्ये विचारलं. नाही म्हणजे नाहीच सांगितलं. काय म्हणाल्या होत्या हो?"

"आईंना सांगू नकोस म्हणाली होती," मी म्हटलं.

"ते नाही हो! ते तर त्या सांगायच्याच. त्याच्या आधी. लिंबू पिळल्यावर लगेच."

तेव्हा मला आठवलं.

पलंगावरून आईचा आवाज आला. "काय म्हणाली रे ती तुका?"

"तुला माहीत नाही?" मी वळून विचारलं.

"माका? नाय. चार-पाचदा विचारलंय मी. माका म्हणाली, 'आई, सगळां तुमका कित्याक?'"

अंजू, हे लिहिताना लाज वाटते. तुला जाऊन महिना होत आलाय, घरात अजून तुझ्या औषधांचा वास आहे, आणि त्या क्षणी मला असा आनंद झाला की उठून खिडकीतून सावंतांना हाक मारावी. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक पंचेचाळिशीची बाई आणि एक म्हातारी, दोघींच्या चेहऱ्यावर तेच, जे मी त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून चेहऱ्यावर येऊ देत नव्हतो. इतक्या बॅचेस गेल्या, इतक्या वेळा तू ती गोष्ट सांगितलीस, आणि प्रत्येक वेळी बरोबर माझ्या दारापाशी येऊन थांबलीस.

"चहा घेणार का, प्रज्ञा?" मी विचारलं.

"काका, सांगा ना!"

"मेल्या, सांग की!"

मी सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही. मुख्याध्यापिका बाईंनी माफ करावं. दोन पानांच्या जागी किती झाली कोण जाणे, पण ते एक वाक्य त्यांत नाही.

प्रज्ञा गेली. आई रुसून जपाची माळ घेऊन बसली. मी स्वयंपाकघरात आलो, ओट्याला टेकून उभा राहिलो, आणि म्हटलं, आता सावकाश, एकट्यानं, ते वाक्य काढून बघू. छोटंसंच होतं. मला वाटत होतं, पाठ आहे.

पण नाव आधी होतं की शेवटी, अंजू? "दिन्या" म्हणून मग बोललीस, की बोलून झाल्यावर "दिन्या" म्हणालीस? हसणं थांबवून बोललीस, की हसता हसताच? लिंबाचा हात माझ्या गालाला तेव्हाच लागला, की तो दुसऱ्या कुठल्या दिवशीचा हात मी इथे आणून जोडतोय? एक शब्द तर मला दोन प्रकारे ऐकू येतोय, आणि दोन्ही तुझ्याच आवाजात. शर्टाबद्दल शंका आली असती तर शंभर माणसं होती, सफारी की पांढरा यावर त्यांनी हॉल डोक्यावर घेतला असता. याच्याबद्दल कोणाला विचारू? दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नाही. मला हवं होतं तसंच आहे हे, अगदी हवं होतं तसं.

म्हणून हल्ली सकाळी दूध तापत ठेवलं की मी ते मोठ्यानं म्हणून बघतो. एकदा नाव आधी घालून, एकदा शेवटी. बाहेरून आई विचारते, "कोणाबरोबर बोलतंस रे?"

"कोणाबरोबर नाही," मी म्हणतो, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.